घरून काम करणाऱ्यांच्या फायली: नव्या अ‍ॅडमिनसाठी

व्हीपीएनवरून (घरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरायची सुरक्षित वाट) ऑफिसच्या सर्व्हरवरची एक्सेल उघडायला लावलीस, तर दिवसभर फोन घेत बसशील. एसएमबी, म्हणजे विंडोजची नेटवर्कवरून फायली उघडायची पद्धत, एकेका फायलीसाठी सर्व्हरशी सतराशे साठ वेळा बोलतं. घरचं नेट कितीही एमबीपीएसचं असो, लेटन्सी, म्हणजे प्रत्येक बोलण्याला उत्तर यायला लागणारा वेळ, नडतेच. त्यापेक्षा वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड स्टोरेज) सिंक लाव आणि डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स पॉलिसीनेच, म्हणजे सगळ्या लॅपटॉपना एकदम लागू होणाऱ्या सेटिंगने, तिकडे वळव. (लोक सगळं डेस्कटॉपवरच टाकणार, ती खोड मोडायला जाऊ नकोस.)

फायलीशेजारी नुसतं निळ्या ढगाचं चिन्ह असेल, तर फाइल लॅपटॉपवर नसतेच. लाइट गेली, राउटर बंद पडला की बोंब. रोजच्या फोल्डरवर राइट क्लिक करून ‘ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस’ निवड. भरीव हिरव्या गोलातली टिक दिसेपर्यंत लॅपटॉप हातात देऊ नकोस.

टॅलीचा डेटा मात्र सिंकमध्ये टाकायचा नाही. दोघांनी एकदम उघडला तर वाट लागेल. त्याला रिमोट डेस्कटॉपच (घरून ऑफिसचाच कॉम्प्युटर स्क्रीनवर उघडून चालवायचा) बरा.