मुलगा म्हणतो, मला आता माफीच नाही

इंग्लंडमधल्या लेस्टरहून लिहिणाऱ्या ताई, तुमचं माहेर नौपाड्यातलं, माझंही तिथलंच, म्हणून जरा हक्काने बोलते. तुम्ही लिहिता, "शाळेत वादावादी झाली आणि आमचा बारा वर्षांचा मुलगा बोलून गेला, पवित्र आत्मा वगैरे सगळं थोतांड आहे. ख्रिस्ती मित्र म्हणाला, या पापाला कधीच क्षमा नसते. तेव्हापासून तो रात्री दिवा मालवू देत नाही. मी समजावलं, आपण हिंदू, आपल्याला काय त्याचं!"

अहो, पोर घाबरलंय आणि तुम्ही विषयच मिटवून टाकलात. ज्यांच्यात आपण मुलं वाढवतो त्यांचा धर्म नीट जाणून घ्या, असं मी या सदरात सतत सांगत असते. आज पुन्हा सांगते.

मित्राने ते मनाने रचलेलं नाही. पवित्र आत्मा म्हणजे ख्रिस्ती श्रद्धेनुसार स्वतः देवच, आणि बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानात, तिसऱ्या अध्यायात, येशूचं तसं वचन आहे. पण ते कोणाला उद्देशून? यरुशलेमहून आलेल्या शास्त्र्यांना. येशू भुतं काढतो ती भुतांच्याच अधिपतीच्या बळावर, असं ते म्हणत होते. समोर देवाचं काम दिसत असताना जाणूनबुजून त्याला सैतानाचं म्हणायचं, असा तो अपराध. कॅथलिक चर्चच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात म्हटलंय की देवाच्या दयेला सीमा नाही, पण जो ती मुद्दाम झिडकारतो तो क्षमाच नाकारतो. वादाच्या भरात बोललेलं पोर यात कुठे बसतं?

मग श्रद्धा नसलेल्याकडून देवनिंदा होतच नाही का? होते. बायबलमधल्याच लेवीय या पुस्तकाच्या २४व्या अध्यायातला नियम परक्यालाही लागू होता. पण पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो की मी पूर्वी निंदक होतो, ते विश्वास नसताना, न समजून केलं, म्हणून माझ्यावर दया झाली. आणि हा तर त्यांचा थोर प्रेषित! माझ्या लेकीनेही तिकडच्या शाळेतून असाच धसका घेतला होता. सुट्टीत ठाण्याला आलो तेव्हा तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चला जाणाऱ्या आमच्या शेजारच्या मावशींनी चष्मा चढवला, मराठी बायबल उघडलं आणि पौलाच्या त्या ओळीवर बोट ठेवलं. "वाच मोठ्याने," म्हणाल्या. तिने वाचलं, तशी पुढ्यात फुगियांची, म्हणजे तळलेल्या फुगीर गोळ्यांची, ताटली सरकवली. त्या रात्री लेक निवांत झोपली.

तुम्हीही मुलाला जवळ घेऊन मार्कचा आणि पौलाचा असे हे दोन्ही उतारे वाचा. तरी भीती गेली नाही तर जवळच्या चर्चमधल्या पाद्रींना भेटा, संकोच करू नका. आणि मित्र ज्याला पवित्र मानतो त्याला थोतांड म्हटलं, याबद्दल मुलाने त्याची माफी मागायलाच हवी. ती तुम्ही मागू नका, त्यालाच मागू द्या.

आता तुमच्या पत्रातल्या बाकीच्या गोष्टी. कायद्याची धास्ती सोडा. इंग्लंड आणि वेल्समध्ये देवनिंदेचा जुना गुन्हा २००८ मध्येच रद्द झाला. सासूबाईंना शांतीची पूजा करायची असेल तर खुशाल करू दे, पण "तुझ्या पापासाठी" असं मुलाच्या कानावर घालू नका. त्यांना पाहुणी म्हणून बोलवताय तर प्रवासविमा आधी काढा, तिथलं इस्पितळ त्यांना फुकट नाही. डब्यातली पोळी परत येते म्हणता, तर रोल करून द्या.