लेकीसोबतच्या पहिल्या कनू-मुक्कामाआधी

ठाण्यात राहणाऱ्याला घराजवळची खाडी कनूच्या, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या हलक्या, अरुंद नावेच्या सरावासाठी सोयीची वाटते, परंतु तिथे पहिला सराव करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दिवसातून दोनदा येणाऱ्या भरती-ओहोटीमुळे प्रवाह उलटतो, ओहोटीला चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात आणि त्यांत रुतलेली नाव ओढून काढणे दोघांच्या आवाक्यातले नसते. शिवाय खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्यात येतो.

त्याऐवजी हिवाळ्यात भंडारदऱ्यासारखा जलाशय निवडावा, मात्र नाव उतरवण्याची आणि मुक्कामाची परवानगी आधीच घ्यावी. धरणाच्या भिंतीपासून व सांडव्यापासून नेहमी दूर राहावे. दुपारी वारा वाढतो, म्हणून वल्हवण्याचे काम सकाळीच उरकावे आणि किनारा धरून जावे, कारण मोकळ्या पाण्यात समोरून वारा आला की थकलेल्या हातांना अंतर दुप्पट वाटू लागते.

जड सामान तळाशी, मधोमध बांधावे. कपडे आणि अंथरूण जलरोधक पिशवीत ठेवावे. लाइफ जॅकेट दोघांनीही पूर्ण वेळ घालावे, पोहता येत असले तरीही. निघण्यापूर्वी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली नाव मुद्दाम उलटवून पाहावी आणि उलटल्यावर तिला धरून राहण्याची सवय करावी.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते: दिशा सांभाळणारी मागची जागा शांत पाण्यात लेकीला अवश्य द्या, आणि नाव वाकडी गेली तरी लगेच सूचना देऊ नका.