लघवीतलं रक्त आणि एचपीव्हीचा रिपोर्ट

प्रश्न : आईचं वय ५८. वर्षभरात तीनदा लघवीचा संसर्ग झाला. या वेळी जळजळ नव्हती, ताप नव्हता, नुसती लाल लघवी झाली आणि अँटिबायोटिक सुरू केल्यावर दोन दिवसांत थांबली. सारख्या संसर्गामुळे मूत्राशयाचा कॅन्सर होतो का?

उत्तर : ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या नेहमीच्या संसर्गामुळे कॅन्सर होतो, असं सिद्ध झालेलं नाही. काळजी करायला लावणारी गोष्ट वेगळी आहे : जळजळ नसताना गेलेलं रक्त. मूत्राशयातल्या गाठीतून रक्त येतं आणि आपोआप थांबतंही. नेमक्या तेव्हा गोळ्या चालू असल्या की श्रेय गोळ्यांना जातं आणि महिने वाया जातात. बायकांच्या बाबतीत हे जास्त होतं, कारण ‘पुन्हा संसर्ग झाला’ म्हणून विषय तिथेच संपवला जातो.

त्या वेळी कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून ओळखण्याची तपासणी, केलं होतं का, ते आधी पाहा. नमुना अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसाआधी द्यायचा. सुरुवातीची धार सोडून मधली धार निर्जंतुक डबीत धरायची आणि दोन तासांत लॅबमध्ये पोचवायची. जमत नसेल तर डबी फ्रिजमध्ये ठेवायची. बाहेर राहिली तर जंतू डबीतच वाढतात आणि नसलेला संसर्ग रिपोर्टात दिसतो. कल्चरमध्ये काही आलं नसेल किंवा संसर्ग बरा झाल्यावरही लघवीत रक्तपेशी दिसत असतील, तर आईंना युरॉलॉजिस्टकडे न्याच. या वयात डोळ्यांना दिसेल इतकं रक्त गेल्यावर सिस्टोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मूत्राशय आतून बघणं, टाळू नये. सोनोग्राफी नॉर्मल आली तरी थांबू नका. लहान किंवा चपटी गाठ तिच्यातून निसटते. आई धूम्रपान करत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा, मूत्राशयाच्या कॅन्सरचं ते मोठं कारण आहे.

मूत्राशयाच्या कॅन्सरशी पक्का संबंध ठरलेला संसर्ग म्हणजे शिस्टोसोमा हिमॅटोबियम या कृमीचा. आफ्रिकेत आणि पश्चिम आशियाच्या काही भागांत गोड्या पाण्यात उतरलं की त्याच्या अळ्या त्वचेतून शिरतात. अंडी मूत्राशयाच्या भिंतीत अडकून वर्षानुवर्षं दाह होत राहतो. अशा भागात राहणं झालं असेल तर सकाळी १० ते दुपारी २ या वेळातली लघवी तपासायला द्यावी. अंडी तेव्हाच सर्वांत जास्त बाहेर पडतात.

प्रश्न : वय ३४. पॅप स्मिअर (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) नॉर्मल, पण एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणारा विषाणू) पॉझिटिव्ह. कॅन्सर सुरू झालाय का? नवऱ्यालाही औषध द्यायचं का?

उत्तर : नाही, या रिपोर्टचा अर्थ कॅन्सर झाला असा होत नाही. बहुतेक संसर्ग एक-दोन वर्षांत शरीरच घालवतं. टिकून राहिलेला विषाणू पेशीची वाढ आवरणारी प्रथिनं निकामी करतो, पण तिथून कॅन्सरपर्यंत साधारण १५ ते २० वर्षं लागतात, म्हणूनच तपासणीचा उपयोग होतो. रिपोर्टात विषाणूचा प्रकार बघा. गर्भाशयमुखाचे सुमारे ७० टक्के कॅन्सर १६ आणि १८ या प्रकारांमुळे होतात. ते असतील तर स्मिअर नॉर्मल असूनही कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने गर्भाशयमुख मोठं करून बघणं, करून घ्या. दुसरा प्रकार असेल तर सहसा १२ महिन्यांनी पुन्हा तपासणी करतात, ती चुकवू नका.

नवऱ्याला औषध नको. विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. आणि कृपा करून या रिपोर्टवरून एकमेकांवर संशय घेऊ नका. हा संसर्ग कित्येक वर्षं लपून राहू शकतो. लस घेता येईल, पण आत्ता असलेला संसर्ग तिने जाणार नाही.