लेकीला मेंढपाळाचं काम मिळालंय

लेस्टरहून एक आई लिहितात: "आम्ही दोघं देव मानत नाही, घरी गणपतीही बसत नाही. इयर वनमधल्या (पाच-सहा वर्षांच्या) लेकीला शाळेच्या नेटिव्हिटीत, म्हणजे येशूच्या जन्माच्या नाटकात, मेंढपाळाचं काम मिळालंय. ती हरखून गेलीय. नवरा म्हणतो, गणपतीला नाही आणि येशूच्या जन्माला हो, हा दुटप्पीपणा आहे. तिचं नाव काढून घ्यावं का?"

ताई, नाव काढू नका. यजमानांचा मुद्दा खरा आहे, पण तो प्रार्थनेला लागू पडतो, नाटकाला नाही. वर्गशिक्षिकेला दोनच गोष्टी विचारा: प्रयोग शाळेत आहे की चर्चमध्ये, आणि मुलांना प्रार्थना म्हणायची आहे का? इंग्लंडच्या सरकारी शाळांत सामूहिक उपासनेतून मुलाला पूर्ण किंवा काही भागापुरतं बाहेर ठेवता येतं. शाळांविषयीच्या १९९८च्या कायद्याच्या (School Standards and Framework Act) कलम ७१ने हा हक्क दिलाय, कारणही सांगावं लागत नाही. नाटक उपासनेचा भाग नसेल, तर मात्र तो आपोआप लागू होत नाही. पालक नेमके इथेच फसतात. कलम दाखवून सगळंच थांबवायला जातात, मग तालमीच्या वेळी पोर शेजारच्या वर्गात चित्रं रंगवत बसते आणि आपलंच काही चुकलं असं धरून चालते. प्रार्थना असलीच, तर "त्या वेळी ती हात न जोडता शांत उभी राहील" एवढं लिहून द्या.

घरी तिला ही गोष्ट नीट सांगा. मेंढपाळ बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात येतात, तारा आणि पूर्वेकडचे ज्ञानी मत्तयच्या. ते तीनच होते असं तिथे म्हटलेलं नाही, आणि येशूच्या आईचं, मरियेचं, गाढव तर दोन्हींत नाही. शतकानुशतकं ठिगळं जोडत शिवलेली गोधडी आहे ही. कंस ठाऊक असेल तर तान्ह्या बाळांना मारायला निघालेला हेरोद राजा तिला लगेच कळेल. "हे खरं घडलं का?" असं विचारलं, तर सरळ सांगा: ख्रिस्ती लोक मानतात, आपण मानत नाही, मैत्रीण मानत असेल तर तिच्याशी भांडायचं नाही.

राहिला पोशाख. बाबांचा जुना सुती झब्बा घोट्यापर्यंत आखूड करा, नाहीतर पायऱ्या चढताना पायात येतो. डोक्याला टी-टॉवेलऐवजी (भांडी पुसायच्या फडक्याऐवजी) पंचाचा तुकडा घ्या. तो मऊ असतो, घसरत नाही. वरून इलॅस्टिकची पट्टी, डोक्याच्या घेरापेक्षा दोन सेंटिमीटर कमी. याहून घट्ट झाली तर कपाळावर वळ उठतो आणि पहिल्याच गाण्यात ती काढून फेकेल.