वॉरगेममध्ये विमानं बोलावली की ती आपल्याच लोकांवर का तुटून पडतात? डावाला किती घ्यावीत?

प्रश्नाखाली तुम्ही ‘एअर सपोर्ट म्हणजे लॉटरी’ असं लिहिलंय, म्हणून उत्तर देतोय. हे वाक्य ऐकून ऐकून कान किटलेत. बहुतेक वेळा विमान चुकत नाही, आपण त्याला चुकीच्या जागी बोलावलेलं असतं.

तुम्ही विनएसपीएमबीटी हा पाळीपाळीने खेळायचा संगणकावरचा वॉरगेम खेळताय, तोच धरून सांगतो. तोफखान्याच्याच पडद्यावर विमान निवडायचं, हेक्सवर, म्हणजे नकाशावरच्या षटकोनी घरावर क्लिक करायचं, विमान कुठून येणार ती दिशा ठरवायची. विमान लगेच येत नाही, टर्न (पाळी) संपल्यावर मधल्या टप्प्यात येतं. आणि तुम्ही त्याला रणगाडा दाखवत नाही, एक हेक्स दाखवता. त्या हेक्सच्या आसपास वैमानिकाला जे दिसेल ते त्याचं लक्ष्य. हेक्स 50 मीटरचा. रणगाडा मोकळ्या रानात एका टर्नमध्ये दहा हेक्स सहज सरकतो, म्हणजे 500 मीटर. तुम्ही आत्ता जिथे रणगाडा बघून क्लिक केलंत, तिथे विमान येईपर्यंत वाळूच उरलेली असते, आणि जवळात जवळ दिसणारी वस्तू म्हणजे तुमचीच जीप.

म्हणून चालत्या गाडीवर क्लिक करू नका. पूल, नाल्याचा उतार, सुरुंगांच्या पट्ट्यापुढची गर्दी, अशी शत्रू तुंबणारी जागा द्या. तीही तुमच्या शेवटच्या माणसापासून सहा-आठ हेक्स पलीकडे.

आता दिशा. याकडे कोणी बघतच नाही आणि सगळा घोळ इथेच होतो. समजा तुमची कंपनी टेकाडावर उत्तर-दक्षिण पसरलीय आणि शत्रू पश्चिमेकडून येतोय. विमान पूर्वेकडून आणलंत, तर ते तुमच्या डोक्यावरून जाणार आणि त्याला आधी तुम्हीच दिसणार. उत्तरेकडून आणा, म्हणजे ते मोर्चाला समांतर, शत्रूच्या रांगेवरूनच जाईल.

खऱ्या लढाईतही हेच झालंय. जुलै 1944 मध्ये नॉर्मंडीत ऑपरेशन कोब्राच्या वेळी अमेरिकन जनरल ब्रॅडलीला बॉम्बर सेंट-लो ते पेरिए रस्त्याला समांतर हवे होते. ते आले काटकोनात, स्वतःच्या फौजेवरून. त्यात वाऱ्याने धूर-धुरळा अमेरिकनांच्या बाजूला सरकत आला आणि मागून येणाऱ्यांनी त्यावरच बॉम्ब सोडले. 25 जुलैला 111 अमेरिकन मेले, त्यात लेफ्टनंट जनरल मॅकनेअरही. हा फाशांचा दोष म्हणायचा का? तेव्हा ज्या टप्प्यात विमानं येणार, त्यात आपल्याच तोफांचा धूर मधे सोडू नका.

दुसरी चूक म्हणजे विमानविरोधी तोफा जिवंत असताना घाई करणं. आत येताना माऱ्याच्या टप्प्यातली प्रत्येक तोफ विमानावर मारते, आणि विमान पडलं नाही तरी मार खाऊन हल्ला न करताच परत फिरू शकतं. मग लोक म्हणतात ‘आलंच नाही’. आधी दोन-तीन टर्न त्या तोफा हुडकण्यात घालवा, त्यांच्यावर उखळी तोफा चालवा, सीड प्रकारची (विमानविरोधी मारा दडपणारी) विमानं मिळत असतील तर ती पुढे. भारताच्या बाजूने 1971 चा डाव मांडलात तर हंटर या लढाऊ विमानाच्या चार 30 मिमी तोफा हलक्या समजू नका. रणगाड्याचं छत पातळ असतं आणि गेम ते मोजतो.

1971 च्या युद्धातल्या राजस्थानातल्या लोंगेवाल्याच्या लढाईचा दाखला देऊन ‘विमानं एकटी डाव जिंकतात’ म्हणणारेही भेटतात. अहो, हंटरना रात्री लढता येत नव्हतं. 4 डिसेंबरच्या रात्री 23 पंजाबच्या एका कंपनीनं ठाणं धरून ठेवलं, तेव्हा कुठे उजाडल्यावर जैसलमेरहून आलेल्या हंटरना उघड्या वाळूत अडकलेले रणगाडे मिळाले. वर कृषक या छोट्या टेहळणी विमानातून त्यांना लक्ष्य दाखवणारं कोणी होतं. तुमच्या डावातही आधी निरीक्षक आणि शत्रूला थोपवणारं पायदळ घ्या, विमान नंतर.

हे सगळं बोलावून घ्यायच्या विमानांबद्दल झालं, हेही सांगायला हवं. पँझर जनरल किंवा पँझर कॉर्प्स या गेममध्ये विमान हे नकाशावरचं युनिट असतं. तिथे इंधन मोजायचं, बॉम्बरच्या शेजारच्या हेक्सवर फायटर ठेवायचं, आणि पावसात हल्ल्याची आशा धरायची नाही. हेलिकॉप्टरचंही गणित वेगळं आहे.

किती घ्यावीत? मध्यम नकाशावर दोन. समोर विमानविरोधी तोफा भरपूर असतील तर एकही नको, खरेदीच्या त्या गुणांत आणखी उखळी तोफा घ्या. यावर वाद घालणारे येतीलच. त्यांना आधी विचारा, शेवटच्या डावात दिशा कोणती दिली होती.