हॅचबॅकमध्ये १२ इंची वूफर: सीलबंद बॉक्स की पोर्टेड?

भाऊ, प्रश्नासोबत तुम्ही वूफरच्या (बासच्या मोठ्या स्पीकरच्या) कागदावरचे आकडे दिलेत हे फार बरं केलं. बहुतेक जण फक्त वॅट सांगतात आणि वॅटवरून बॉक्स ठरत नाही. तुमच्याकडे स्विफ्ट, एक १२ इंची ४ ओहमचा वूफर आणि खऱ्या ३०० वॅटचा मोनो अ‍ॅम्प आहे. ऐकणं मुख्यतः ढोलकी-तबल्याची गाणी, कधीमधी डीजे. डिक्कीही रिकामी हवी. नागपुरातल्या बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) दुकानात "पोर्टेडच घ्या, दुप्पट वाजतो" असं सांगितलं, म्हणून तुम्ही अडलात.

तुमच्या गाडीत सीलबंदच करा. दुकानदाराचं म्हणणं खोटं नाही, पण अर्धं आहे. पोर्टेड बॉक्समध्ये वूफरच्या मागची हवा पाइपमधून बाहेर पडते आणि ट्यूनिंगच्या, म्हणजे पाइप नि बॉक्स ज्या हर्ट्झला घुमतात त्याच्या, आसपास समोरच्या आवाजात मिळते. तिथे ३ ते ४ डेसिबल जास्त मिळतात, म्हणजे अ‍ॅम्पची ताकद दुप्पट केल्यासारखंच. पण ट्यूनिंगच्या खाली हाच आवाज दर सप्तकाला (हर्ट्झ निम्मे झाले की) २४ डेसिबलनं कोसळतो. सीलबंद बॉक्समध्ये तो १२ डेसिबलनं, हळूहळू उतरतो.

आता गाडीचा भाग, जो दुकानाच्या भिंतीवर लावलेल्या डेमोत कधीच ऐकू येत नाही. काचा बंद असलेली छोटी केबिन साधारण ६०-७० हर्ट्झच्या खालचा बास स्वतःच वाढवते. ही वाढ हिशेबानं सप्तकाला १२ डेसिबलपर्यंत जाते. प्रत्यक्षात पत्रा, काचा आणि फटी यांमुळे थोडी कमीच मिळते. सीलबंद बॉक्सचा उतार आणि केबिनची चढण एकमेकांना जवळपास फेडून टाकतात, म्हणून हॅचबॅकमध्ये लहानसा सीलबंद बॉक्सही ३० हर्ट्झपर्यंत सपाट वाजतो. पोर्टेड बॉक्सची वाढ मात्र केबिनच्या वाढीवर आणखी चढते आणि ३५-४५ हर्ट्झच्या पट्ट्यात एकच सूर घुमत राहतो. ढोलकीची थाप आणि डग्ग्याची मींड त्या घुमण्यात बुडते.

तुमच्या आकड्यांवर हिशेब करू. एफएस (उघड्या वूफरचा रेझोनन्स, म्हणजे तो आपोआप सगळ्यात जास्त थरथरतो ते हर्ट्झ) ३० हर्ट्झ, क्यूटीएस (त्या थरथरीला एकूण आवर किती; आकडा लहान तितका आवर जास्त) ०.४५, क्यूईएस (त्यातला फक्त चुंबक-कॉइलचा आवर) ०.५०, व्हीएएस (वूफरच्या पडद्याइतकीच लवचिक असलेली हवा) ६० लिटर. एफएसला क्यूईएसनं भागा: ६० येतात. हा आकडा ५० च्या खाली असेल तर वूफर सीलबंदसाठी, १०० च्या वर असेल तर पोर्टेडसाठी, मधला असेल तर दोन्हीकडे चालतो. म्हणजे तुमचा वूफर दोन्हीकडे चालेल, पण कल सीलबंदकडे आहे.

सीलबंद बॉक्समध्ये क्यू (रेझोनन्सपाशी बास किती फुगतो तो आकडा) किती होईल ते असं काढा: व्हीएएसला बॉक्सच्या लिटरनं भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि क्यूटीएसनं गुणा. ३० लिटरमध्ये ०.७८ येतो आणि रेझोनन्स ५२ हर्ट्झवर जातो. ४१ लिटर घेतले तर ०.७१, अगदी सपाट. २० लिटरमध्ये कोंबलात तर ०.९०, रेझोनन्स ६० हर्ट्झ. बास जाडसर होतो आणि खोली जाते. तुमच्या डिक्कीसाठी ३० लिटर योग्य. त्यात ३०० ते ४५० ग्रॅम पॉलिएस्टर फायबर, उशीत भरतात तोच, सैल पसरून भरा. वूफरला बॉक्स थोडा मोठा भासतो आणि क्यू अजून खाली येतो. दाबून भरला तर उलट जागाच खाल्ली जाते.

वूफरचा मागचा भाग सुमारे २.५ लिटर जागा घेतो, म्हणून आतून ३२.५ लिटर धरा: ३४ बाय ३४, खोली २८.१ सेंटिमीटर. लकडगंजात (नागपूरच्या लाकूडबाजारात) १८ मिलिमीटरचा एमडीएफ (दाबून केलेली लाकडी भुशाची फळी) घ्या आणि दुकानातच मशिनवर कापून घ्या. हातकरवतीच्या कापणीत सांधे बसत नाहीत. पुढची-मागची फळी ३७.६ बाय ३७.६ च्या दोन, बाजूच्या ३७.६ बाय २८.१ च्या दोन, वरखालच्या ३४ बाय २८.१ च्या दोन. पार्टिकल बोर्ड स्वस्त मिळतो, पण त्यात स्क्रू धरत नाही. घेऊ नका.

सांध्यांना पाणी सोसणारा फेविकॉल मरीन लावा, ४० मिलिमीटरचे स्क्रू दर १०-१२ सेंटिमीटरवर मारा, आणि प्रत्येक स्क्रूआधी ३ मिलिमीटरचं भोक पाडा, नाहीतर एमडीएफची कड फाटते. आतून सगळ्या सांध्यांवर सिलिकॉन ओढा आणि निदान २४ तास उघडं वाळू द्या. आंबट वासाचं सिलिकॉन ओलं असताना वूफर बसवला तर त्याची वाफ आत कोंडते, आणि ती वूफरच्या सराउंडला (पडद्याभोवतीच्या लवचिक कडेला) व धातूच्या भागांना चांगली नाही.

नागपुरात दोन गोष्टी जास्त सांभाळाव्या लागतात. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिक्की इतकी तापते की ग्लू-गनचा गोंद मऊ होतो. त्यानं आत काहीही चिकटवू नका, फायबरसुद्धा नाही. आणि पावसाळ्यात एमडीएफ कापलेल्या कडेनं पाणी पितो आणि फुगतो. कार्पेट चढवण्याआधी सगळ्या कडांना, वूफरच्या भोकाच्या कडेलाही, सँडिंग सीलरचे दोन हात द्या. वूफरचं भोक कागदावरच्या मापानंच पाडा. सगळ्या १२ इंची वूफरचं माप सारखं नसतं.

बॉक्स झाल्यावर वूफरचा कोन (शंकूसारखा पडदा) दोन्ही तळव्यांनी सारखा दाबून सोडा. हळू परत आला तर बॉक्स हवाबंद आहे. झटकन आला तर कुठेतरी गळती आहे, आणि दहातल्या बऱ्याच वेळा ती वायर जोडायच्या टर्मिनलच्या प्लास्टिक कपाशी किंवा वूफरच्या गॅस्केटखाली (कडेच्या सील पट्टीखाली) असते. ३० हर्ट्झचा टोन हळू आवाजात लावून सांध्यांजवळ उदबत्ती धरली की धूर थरथरतो, जागा लगेच सापडते.

आता पोर्टेड केलाच तर काय लागेल तेही पाहा, म्हणजे मी नाही का म्हणतोय ते कळेल. निव्वळ ५० लिटर, ट्यूनिंग ३४ हर्ट्झ. ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप, आतला व्यास १०.४ सेंटिमीटर असेल तर लांबी ३६.५ सेंटिमीटर येते. आतला व्यास मोजूनच हिशेब करा, पाइपच्या जाडीप्रमाणे तो बदलतो. पाइप, वूफर आणि आतली आधाराची आडवी पट्टी मिळून बॉक्स आतून ५७ लिटरचा होतो. बाहेरून सीलबंद सुमारे ४५ लिटर डिक्की घेतो, हा ७५. आताच्या स्विफ्टची अख्खी डिक्की २६५ लिटरची.

एवढ्यावर भागत नाही. ३०० वॅट पूर्ण दिले की एका पाइपमधून हवा फुसफुसायला लागते. दोन पाइप लावावे तर ट्यूनिंग तीच ठेवण्यासाठी प्रत्येकाची लांबी ८० सेंटिमीटरच्या वर जाते, जी या बॉक्समध्ये बसतच नाही. पाइपचं आतलं तोंड मागच्या फळीपासून निदान १० सेंटिमीटर दूर हवं, बाहेरचं तोंडही डिक्कीच्या भिंतीला चिकटलेलं नको. आणि ट्यूनिंगच्या खाली कोनला मागून हवेचा आधारच उरत नाही. २०-२५ हर्ट्झचा एखादा ठोका आला की तो मर्यादेबाहेर हलतो आणि कॉइल मागे आपटते. म्हणून अ‍ॅम्पमध्ये सबसॉनिक फिल्टर (फार खालचा बास अडवणारा) असलाच पाहिजे, ३४ च्या ट्यूनिंगला २८ ते ३० हर्ट्झवर. तुमच्या अ‍ॅम्पवर ते बटण नसेल तर पोर्टेडचा विषय तिथेच संपतो.

तयार पोर्टेड बॉक्स तर घेऊच नका. तो कुठल्या वूफरसाठी, किती हर्ट्झवर ट्यून केलाय हे कोणी सांगत नाही. कोणाकडे असलाच तर तपासता येतं: हळू आवाजात ६० हर्ट्झपासून एकेक हर्ट्झ खाली येत टोन वाजवा, ज्या टोनला कोन सगळ्यात कमी हलतो आणि पाइपमधून सगळ्यात जास्त हवा येते, ती ट्यूनिंग. ती ४५-५० निघाली तर तबल्यासाठी तो बॉक्स कामाचा नाही. सीलबंद बॉक्स दोन-चार लिटरनं चुकला तरी फारसं बिघडत नाही. पोर्टेड चुकला तर गाण्याचा सूरच बदलतो.

हेच कोणी सेडानसाठी विचारलं तर उत्तर वेगळं. तिथे मागची सीट आणि पत्रा मधे असतो, बास केबिनमध्ये कमी पोचतो, डिक्की मोठी असते. ३२-३५ हर्ट्झवर नीट ट्यून केलेला पोर्टेड बॉक्स तिथे फार चांगला वाजतो. अ‍ॅम्प १००-१५० वॅटचाच असेल तरीही पोर्टेडकडे पाहावं.

बसवताना वूफरचं तोंड मागच्या दाराकडे करून ऐका, मग सीटकडे करून ऐका; हॅचबॅकमध्ये बहुधा दाराकडे जास्त भरीव लागतं. अ‍ॅम्पचा लो-पास (त्यावरचे सूर अडवणारं बटण) ८० हर्ट्झ, बास बूस्ट शून्य. गेन (अ‍ॅम्प आवाज किती वाढवेल ते बटण) कानानं लावू नका: वूफरची वायर काढा, हेड युनिटचा आवाज तीन चतुर्थांशावर नेऊन ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन लावा, मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि ३४.६ व्होल्ट दिसेपर्यंत गेन वाढवा. ४ ओहमला ३०० वॅट तिथे होतात. मग फेजचं बटण दोन्ही बाजूंना करून पाहा, ज्या बाजूला ढोलकी पुढच्या दारातल्या स्पीकरमधूनच येतेय असं वाटेल ती ठेवा.

आणि बॉक्स पट्ट्यानं डिक्कीतल्या हुकांना बांधा. वूफरसकट तो १५ किलोच्या आसपास भरतो. समृद्धी महामार्गावर जोरात ब्रेक लागला तर तो मागच्या सीटवर बसलेल्यांच्या पाठीत येईल.