गाडीचं सेंट्रल लॉक कधी लागतं, कधी लागत नाही. आधी काय तपासावं?
आधी रिमोटचा सेल बदला. तरीही तसंच होत असेल, तर बिघाड एकाच दाराचा आहे की सगळ्यांचा, ते बघा. मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे आणि निम्मं निदान इथेच होतं. सेल बऱ्याचदा ३ व्होल्टचा सीआर२०३२ असतो, पण जुन्यावर छापलेला नंबर पाहूनच घ्या. एकच दार त्रास देत असेल तर त्याची लॉक मोटर कमजोर झालेली असते, किंवा दार आणि बॉडीच्या मधल्या रबरी नळीत वायर तुटलेली असते. दार उघडताना-लावताना ती वायर दर वेळी वाकते. म्हणून दार हळूहळू हलवत लॉकचं बटण दाबून बघा. एखाद्या जागी चालतं आणि एखाद्या जागी नाही, असं झालं तर संशय वायरवर. हे न तपासता नवी मोटर बसवू नका, पैसे फुकट जातात. सगळीच दारं बंद पडली तर फ्यूज आणि १२ व्होल्टची बॅटरी बघा. मात्र दार आतूनही उघडत नसेल (मागचं असेल तर चाइल्ड लॉक लागलेलं नाही ना, हे पाहून) तर दुरुस्ती होईपर्यंत त्या बाजूला कुणालाही, विशेषतः मुलांना, बसवू नका.